तांबी आपल्या पायानं चढली

माझं नाव गयाबाई. वय तुमच्या मनानं लिवा सर, दात पडले आन डोळ्याला कमी दिसतंय एवढं खरं. माहेर माझं गेवराईकडं, गंगेच्या म्हंजी गोदावरीच्या काठाला, पान्यातलं, आन दिलं कुठं तर शिरूर कासारच्या ह्या माळावर, जिथं ढग येतो, बगतो आन पुढं निघून जातो. बाप म्हनला, पान्याचं सोड, मी मानूस बगून दिलंय. मानूस म्हंजी नवरा न्हाई बरं का, सासरा. नवरा तवा मिसरूड फुटलेलं पोरगं व्हतं, त्याच्यात काय बगायचं. आता तुमी शाळंचे नवे सर, आल्या आल्या इचारलं, गयाबाई, उद्या ग्रामसभा हाय, कुत्री स्टँडवर, बाजारात, शाळंपुढं असू द्यावी का न्हाई, तुमचं म्हननं काय. मी लगेच बोलले असते तर शिवीच आली असती तोंडात. म्हनून म्हनलं बसा, तांब्याभर पानी घ्या, आन पैल्यापासून ऐका. मधूनच सांगितलं तर तुमाला वाटंल म्हातारी कुत्र्यापायी येडी झाली.

तर सासरा. आमी त्यांना मामा म्हनायचो. वस्तीनं दीक्षा घेतली तवा मामा ऐन भरात व्हते, आन त्याच दिवशी त्यांनी गावात जाऊन सांगितलं की उद्यापासून तुमची मेलेली ढोरं आमी वढनार न्हाई. त्याआधी बापजाद्यापासून गावात ढोर मेलं की आमच्याच मानसांनी खांद्यावर घ्यायचं, हा दस्तूर. मामांनी तो मोडला. गावानं लई दिवस काम दिलं न्हाई, पीठ दळून दिलं न्हाई, पर मामा मोडले न्हाईत. आन त्या मामाला कुत्रं सहन व्हायचं न्हाई. दारात आलं की काठी. मी एकदा इचारलं, मामा, बिचाऱ्या मुक्या जनावरानं तुमचं काय घोडं मारलं? तर म्हनले, पोरी, निजामाच्या राज्यात मी एवढा एवढा व्हतो, नदीत गावाचा झरा व्हता, तिथं कुत्रं जायचं, लपालपा पानी प्यायचं, अंग झटकून निघून जायचं, आन मी आन माझी माय वर काठावर घागर घेऊन बसायचो, कुनी वाढतंय का बगत. माझा राग कुत्र्यावर न्हाई. पर कुत्रं दिसलं की मला तो झरा दिसतो, त्याला मी काय करू?  

पर कुत्री मी पाळलीच. पाळली म्हंजी ती आली. लाल रंगाची, एक कान फाटलेली, म्हनून तांबी. आमी ऊसतोडीचे, नवराबायको मिळून एक कोयता. दसरा झाला की मुकादमाची ट्रॉली वस्तीत यायची, कोपीच्या म्हंजी फडावरच्या झोपडीच्या चटया, बांबू, चूल, कोंबड्या, लेकरं सगळं वर चढायचं, आन सगळं चढलं की शेवटाला कुत्रं उडी मारायचं. तांबीची जागा ठरलेली, उजव्या कोपऱ्यात, गुंडाळलेल्या चटईला पाठ लावून. फडावर गेलो की मी वंदीला, माझ्या लेकीला, बांधावर सावलीत झोळीत टाकायची आन मोळ्या बांधायला उसात शिरायची. वंदीपाशी कोन? तांबी. एकदा रानडुकरं उसातून निघून त्या बांधावर आली. मी लांब व्हते, नुसतं वरडनं ऐकलं. पळत आले तर तांबीची मांडी फाटलेली आन झोळी तशीच हालतेय, वंदी झोपेत. काय सांगू तुमाला, त्या दिवसापासून मामा तांबीला काठी मारायचे न्हाईत. जवळ बी करायचे न्हाईत. नुसते बगायचे आन म्हनायचे, बस तिकडं.

मंग तो दुष्काळ आला. हिरीच्या तळाला दगड दिसले, कडबा संपला, लोकं बैलं सोडून द्यायला लागले. सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावनी काढली. हौद केले, टँकर यायचा, माजलगावाकडून उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, यायचं. आमचा एक बैल आन एक गाय, दोनच जितराबं, पर तीच आमची सगळी दौलत. छावनी म्हंजी नुसती जनावरांची नसती, मानसं बी तिथंच. पाल ठोकायचं, चूल मांडायची, वाढं यायची वाट बगायची. सगळा गाव उठून माळावर आलता. आन मानसं आली म्हनल्यावर त्यांच्या मागं कुत्री आली, ती काय गावात एकटी बसतेत व्हय? आमाला जागा दिली सगळ्यात खाली, शेनाच्या ढिगापाशी, वारा सगळा आमच्याकडं. ते बी चालतंय म्हनलं. जनावर जगू द्या.

पर जनावरं मरत व्हती सर. लोकांनी शेवटच्या घटकेला आनलेली, नुसती हाडं, वाढं पोटात गेलं की फुगून मरायची. मेलेलं ढोर सोसायटीची मानसं ट्रॅक्टरला बांधून माळाच्या टोकाला नेऊन टाकायची, आन तसंच सोडायची. खड्डा न्हाई, माती न्हाई. एक पडलं, चार पडली, मंग मोजायचंच सोडलं. वास तर असा की भाकर घशाखाली उतरायची न्हाई. एक दिवस सोसायटीचा सेक्रेटरी आमच्या पालापाशी आला आन मामाला म्हनला, म्हातारबा, तुमच्या वस्तीची पोरं लावा की जरा, वढून लांब खोल नाल्यात टाकतील, त्यांना जमतं ते. जमतं ते! मामा बसलेले उठले. म्हनले, सेक्रेटरी, ते काम आमी कवाच सोडलं. ढोर तुमच्या छावनीत मेलं, खड्डा तुमी घ्या. तिकडं सोसायटीच्या चेअरमनच्या रानात जेसीबी शेततळं खांदतोय, तो घंटाभर इकडं आना. सेक्रेटरी हासला. म्हनला, जेसीबी काय ढोरं पुरायला असतो व्हय?

आता ध्यान देऊन ऐका, इथंच सगळी गोम हाय. उघड्यावर मांस पडल्यावर कुत्री काय करनार? चारी बाजूच्या गावांतली मोकाट कुत्री तिथं जमली. कच्चं मांस खाऊन खाऊन डोळे लाल झालेले, टोळीनं फिरायची, मानसाला भ्यायची न्हाईत. तांबीला मी खुट्याला बांधून ठेवायची. आन एका दुपारी वरच्या रांगेतल्या एका शेतकऱ्याची पोर, पाच-सहा वर्सांची, हौदावर तांब्या घेऊन गेलती, तिला त्या टोळीतल्या कुत्र्यानं धरलं. गालाचा लचका काढला सर. तिच्या मायचं वरडनं मला आज बी ऐकू येतं. तालुक्याला इंजेक्शन न्हाई, बीडला न्यावं लागलं. पोर वाचली, पर गालावर डाग राहिला. त्या माउलीचा मला राग न्हाई. ती म्हनली सगळी कुत्री मारून टाका, तर ती आई हाय, म्हननारच. वंदीला धरलं असतं तर मी बी तेच म्हनले असते. हे तुमी लिवा, न्हाईतर लोक म्हनतील गयाबाईला लेकरापरीस कुत्रं प्यारं.

राग मला त्याच्या पुढच्याचा हाय. दुसऱ्या दिवशी चेअरमन आले, खुर्ची टाकून बसले, सगळ्यांना बोलावलं. म्हनले, छावनीत आता एक बी कुत्रं दिसलं न्हाई पायजे. म्या मागून म्हनलं, आन्ना, आधी ती ढोरं पुरा, कुत्री आपोआप जातील. तर सेक्रेटरी सगळ्यांदेखत काय म्हनला? म्हनला, तुमच्याच मानसांनी वढली असती तर कुत्री चवताळली नसती, आन ह्या पोरीला बी चावलं नसतं. ऐका! म्हंजी आमी मढं वढायचं सोडलं म्हनून लेकराला कुत्रं चावलं. आन चार मानसांनी माना हालवल्या. त्याच मानसांसंगं मी टँकरला उभी राहायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सांजच्याला छावनीच्या तोंडाशी पाटी लागली, लाल रंगानं, कुत्र्यांना सक्त मनाई. मामाला लिवता-वाचता येत नव्हतं. त्यांनी वंदीला, तवा ती तिसरीत, पाटीपुढं नेलं आन म्हनले, वाच. तिनं वाचलं. म्हनले, पुन्यांदा वाच. तिनं पुन्यांदा वाचलं. आन मामा तिथंच पाटीखाली मांडी घालून बसले. जल्मभर ज्यानं कुत्र्याला दारात उभं केलं न्हाई, तो मानूस! चेअरमनची जीप आली, ते म्हनले, म्हातारबा, उठा, तुमाला कुत्र्याचं एवढं प्रेम कवापासून? मामा म्हनले, प्रेम न्हाई. पर पाटी काढा. पोरीला चावलं ते कुत्रं धरा, काय करायचं ते करा. पाटी लावू नका. चेअरमन म्हनले, अवो ती कुत्र्यासाठी हाय, मानसासाठी न्हाई. मामा म्हनले, आज कुत्र्यासाठी हाय. तुमच्या हाताला पाटी लावायची सवय लागू नये म्हनून बसलोय. सगळे हासले. म्हातारं सटकलं रं, म्हनले. मामा उन्हात बसून राहिले, उठलेच न्हाईत, भाकर तिथंच नेऊन द्यायची मी.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीनं शेवटचं सांगितलं, ज्याचं कुत्रं छावनीत दिसंल त्याची जनावरं भाईर. आता करता काय? बैल आन गाय भाईर काढली असती तर आठ दिवसांत मेली असती. वंदीचा बाप म्हनला, गया, सोड तांबीला. मी म्हनलं, सोडून कुठं जानार, ती माघारी माझ्याकडंच येनार. तवा सेक्रेटरी म्हनला, लांब सोडू, गंगेच्या पलीकडं, तिकडं पानी हाय, ढाबे हायत, मरनार न्हाईत. मामाला म्या इचारलं बी न्हाई. इचारलं असतं तर ते नको म्हनले असते, आन मला नको ऐकायचं नव्हतं. हे माझं पाप, ते बी लिवा.

सकाळी नवाच्या सुमाराला ट्रॉली आली. तीच, ऊसतोडीची. चार गडी फास आन पोती घेऊन उतरले. ट्रॉलीचा मागचा फाळका पाडला आन आमच्या गावच्या सगळ्या कुत्र्यांचे कान उभे राहिले. फास बगून न्हाई सर, ट्रॉली बगून! त्यांना ट्रॉली म्हंजी काय म्हाईत? ट्रॉली म्हंजी सगळे मिळून जायचं. शेपट्या हालवत ती ट्रॉलीभवती फिरायला लागली, पर चढंनात, कारन मानसं चढत न्हाईत, सामान चढत न्हाई. गडी फास घेऊन पुढं झाले. सेक्रेटरी मला म्हनला, गयाबाई, कायतरी करा, फासात मान आवळली तर मला बोलू नका. मला वाटलं, आवळून मरन्यापरीस बरं. आन म्या काय केलं सांगू? पालातून कोपीची चटई आनली, गुंडाळलेली, आन ट्रॉलीत उजव्या कोपऱ्यात टाकली. मंग तांबीचा खुट्याचा दोर सोडला, हातात भाकर घेतली आन हाक मारली, तांबे, चल.

तांबी आपल्या पायानं चढली. एका उडीत. जाऊन चटईला पाठ लावून बसली, तिच्या जाग्यावर. ती चढली म्हनल्यावर बाकीची बी भराभरा चढली, एकाला बी फास लावायची येळ आली न्हाई. गडी हासत व्हते, म्हनले, लई शानी कुत्री हायत. भाकर तिनं खाल्ली, आन मंग जीभ भाईर काढून माझ्याकडं बगाय लागली. तुमी कावून चढत न्हाई, असं. या की वर. फाळका लावला, ट्रॅक्टर हालला, तरी ती भुकली न्हाई. तिला वाटलं मी मागून येनार हाय. पाटीपाशी मामा बसलेले, त्यांच्या म्होरून ट्रॉली गेली. त्यांनी ट्रॉलीकडं बगितलं, मंग माझ्या रिकाम्या हाताकडं बगितलं, आन उठून पालात गेले.  मारलं असतं तर बरं झालं असतं.

आन पुढं ऐका. आमची कुत्री गेली, ढोरं तिथंच सडत व्हती. मंग निरोप आला, कलेक्टर हापिसातून साहेब छावनी बगायला येनार. झालं! सकाळी जेसीबी हाजीर. उन्हं तापायच्या आत खड्डे झाले, ढोरं पुरली, वर माती, मातीवर चुना. एका सकाळचं काम सर! ज्या कामासाठी आमच्या बापजाद्याचं खांदं सोलून निघालं, ज्या कामापायी लेकराचा गाल फाटला, ते जेसीबीनं चहा पिऊन येईस्तोवर केलं. म्या सेक्रेटरीला भर हौदावर इचारलं, आता कुत्री कावून नेली ते सांग. तो म्हनला, झालं गेलं सोडा. आन पाटी? पाटी तशीच. मांस गेलं तशी ती मोकाट टोळी बी गेली, कुत्रं एक न्हाई छावनीत, आन पाटी हाय.

त्या साली दसऱ्यानंतर आमची टोळी जालन्याकडच्या कारखान्याला गेली. गेवराई गेली, गंगेचा पूल गेला, आन पुढं ढाब्यापाशी मागून काहीतरी लाल पळत आलं. तांबी! बरगड्या निघालेल्या. म्या वरडले, ट्रॉली थांबवा, थांबवा. ड्रायव्हरनं मोठ्यानं गानं लावलेलं, त्याला ऐकू गेलं न्हाई का त्यानं ऐकलं न्हाई, कुनाला म्हाईत. ती पळत राहिली, पळत राहिली आन लहान व्हत गेली. मामा त्या साली संगं न्हवते, गावी व्हते. बरं झालं, ते न्हवते.

हंगाम सरून पट्टा पडला, माघारी निघालो तवा मी आधीच मुकादमाचे पाय धरले, म्हनलं त्या ढाब्यावर चहाला थांबायचं. थांबलो. ढाबेवाला म्हनला, ती लाल कुत्री व्हय? बाई, ती येड्यावानी हाय, उसाच्या मानसांची ट्रॉली दिसली की मागं पळती, सगळ्यांची तोंडं बगती आन माघारी येती. दिवसातून किती बार. मी चुलीची भाकर फडक्यात बांधून आनलती. ती भट्टीमागं बसलेली. म्या हाक मारली, तांबे. ती उठली. आली सर, हळूहळू आली, माझ्या हाताचा वास घेतला. भाकर घेतली न्हाई. लई बार पुढं केली, तोंडापाशी नेली. तिनं मान फिरवली. ढाबेवाल्यानं त्याच भाकरीचा तुकडा टाकला तर खाल्ला, माझ्या हातचा न्हाई. म्या ट्रॉलीपाशी नेलं, फाळका पाडला, वंदी वरून वरडत व्हती, ये तांबे, ये. ती लांब जाऊन बसली. ट्रॉली हालली, मी मागं बगत राहिले. ती उठली बी न्हाई.

पुढल्या साली ढाबेवाल्यानं सांगितलं, तुमी येऊन गेला आन तिचं ट्रॉलीमागं पळनंच बंद झालं. उन्हाळ्यात मेली, भट्टीपाशीच. मामाला सांगितलं तवा ते एवढंच म्हनले, तिला कळलं.

आता मामा न्हाईत, तो चेअरमन न्हाई, छावनी न्हाई. वंदी बीडला नर्स हाय, कुत्र्याचं इंजेक्शन तीच देती लोकांना. आन आपल्या गावात पुन्यांदा तेच. स्टँडमागं कोंबडीच्या दुकानवाले आतडी, पिसं उघड्यावर फेकतेत, तिथं कुत्री जमतेत, परवा शाळंच्या पोराला चावलं. पोराची चूक न्हाई, त्याला इंजेक्शन मिळालंच पायजे, चावनारं कुत्रं धरलंच पायजे. पर ती घान कुनी उचलायची म्हनल्यावर ग्रामपंचायत गप, आन पाटी रंगवायला तयार. आन ट्रॉली बी ठरवलीय, मला म्हाईत हाय. सर, तुमाला सरपंचानं कावून पाठवलं ते बी म्हाईत हाय. मी रोज सकाळी भाकर मोडून भिंतीवर ठेवते, तिथं कुत्री येतेत, म्हनून म्हनला असंल, गयाबाईला सांगा उद्या ट्रॉलीपाशी उभी राहा, तिच्या हाकेवर चढतील. असंच म्हनला ना? खाली बगू नका. तुमी नवे हाय, तुमचा दोष न्हाई.

त्याला सांगा, गयाबाई भाकर ठेवती, पर हाक मारत न्हाई. त्या दिवसापासून म्या एका बी कुत्र्याला हाक मारली न्हाई, त्यांना नावं बी ठेवली न्हाईत. येतेत, खातेत, जातेत. आन उद्या सभेला मी येनार हाय, खुर्ची नको, पाटी कुठं लावनार तेवढं सांगा, मी तिच्या खाली बसनार. मामा बसले तवा मी त्यांना भाकर नेऊन दिली, पर शेजारी बसले न्हाई. आता बसते. तुमी चहा घेऊन जा सर, ऊन लई हाय, डोक्याला रुमाल बांधा. तुमच्या लेकराबाळांचं बरं व्होवो. जयभीम.